तापलेल्या तारेची साक्ष

नागपूरच्या सदर भागातील एका शाळेत मे महिन्यात विज्ञानशिक्षकांची छोटी बैठक होती. बाहेर ४४ अंश तापमान होते आणि वर्गात एक मोठा कूलर चालू होता. आम्ही सोबत एक साधे उपकरण नेले होते. विजेरीचा २.५ व्होल्टचा छोटा दिवा घेऊन, तो फडक्यात गुंडाळून, त्याची काच हलकेच फोडून काढलेली होती आणि आतली तार शाबूत ठेवली होती. या तारेतून एक रोध जोडून इतकाच प्रवाह सोडला होता की तार गरम होईल, पण लाल होणार नाही. लाल झालेली टंगस्टनची तार उघड्या हवेत क्षणात जळून जाते. तारेच्या दोन टोकांमधील व्होल्टता दाखवायला एक मल्टिमीटर होता.

कूलरचा पंखा वाढवला, मीटरवरचा आकडा उतरला. नववीतला एक विद्यार्थी शिक्षकांबरोबर आला होता. तो म्हणाला, “हवा वाढली नं सर!” अगदी बरोबर. वारा वाढला, तार थंड झाली, तिचा रोध कमी झाला, व्होल्टता उतरली. मग आम्ही पंख्याला हात न लावता कूलरचा पाण्याचा पंप सुरू केला. ताट्या भिजल्या आणि पाचेक मिनिटांत येणारी हवा गार झाली. मीटरवरचा आकडा पुन्हा उतरला. तो मुलगा पुन्हा म्हणाला, “हवा वाढली!”

या वेळी तो चुकला. वारा तेवढाच होता, फक्त थंड झाला होता. तारेला मात्र त्यातला फरक कळत नाही. आपल्यातून किती उष्णता निघून जाते, एवढेच तिला कळते. ती का निघून गेली, हे ठरवण्याचे काम आपले आहे.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण या लेखात ज्या पद्धतीची चिकित्सा करायची आहे तिच्यातील सगळी मेख त्यात आहे. पाठ्यपुस्तकांत आणि विज्ञानविषयक लेखांत एक वाक्य नेहमी आढळते: ‘तप्ततार वायुवेगमापकाने प्रवाहातील संक्षोभ मोजतात.’ मंद वाऱ्याच्या बाबतीत हे वाक्य बरेचसे खरे आहे. ध्वनीच्या पाच-सहा पट वेगाने वाहणाऱ्या हवेच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ दिशाभूल करणारे आहे.

आधी उपकरणाची बाजू न्याय्यपणे मांडू. १९१४ साली एल. व्ही. किंग यांनी प्रवाहात ठेवलेल्या तापलेल्या बारीक तारेतून उष्णता कशी वाहून जाते याचे गणित मांडले. त्याचा सारांश असा, की तारेचे तापमान स्थिर ठेवायचे असेल तर लागणाऱ्या व्होल्टतेचा वर्ग हा एक स्थिर संख्या अधिक वेगाच्या वर्गमुळाशी प्रमाणात असणारी संख्या एवढा असतो. आजच्या उपकरणातील तार साधारण ५ मायक्रोमीटर जाडीची आणि सुमारे १ मिलिमीटर लांबीची असते. आपला केस तिच्यापेक्षा दहा-पंधरा पट जाड असतो. ही तार व्हीटस्टन सेतूच्या एका भुजेत बसवतात. वारा वाढून तार थंड व्हायला लागली की इलेक्ट्रॉनिक मंडल लगेच जास्त प्रवाह पाठवून तिचे तापमान पूर्ववत करते. त्यामुळे वेगातील अतिशय जलद चढउतारही टिपता येतात. संक्षोभी प्रवाहाबद्दल विसाव्या शतकात मिळालेल्या माहितीचा फार मोठा भाग या तारेनेच दिला आहे. तिच्याबद्दल अनादर दाखवावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

अडचण सुरू होते ती प्रवाह स्वनातीत झाल्यावर. स्वनातीत प्रवाहात कोणतीही वस्तू ठेवली की तिच्यापुढे आघात तरंग उभा राहतो. ५ मायक्रोमीटरची तारही याला अपवाद नाही. म्हणजे तारेपर्यंत पोचणारी हवा ही मूळ प्रवाहातली हवा नसते, तर आघात तरंगातून जाऊन मंदावलेली, दाबलेली आणि तापलेली हवा असते. आघात तरंग ओलांडताना वेग बदलतो, घनता बदलते, तापमान बदलते. मग न बदलणारे काय उरते? दोन राशी. एक, घनता आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे एकक क्षेत्रफळातून दर सेकंदाला जाणारे द्रव्यमान. द्रव्यमान नाहीसे होत नाही, म्हणून हा गुणाकार टिकतो. दुसरी, एकूण तापमान, म्हणजे हवा पूर्ण थांबवली असता तिला येणारे तापमान. ऊर्जा नाहीशी होत नाही, म्हणून हेही टिकते.

तेव्हा स्वनातीत प्रवाहातील तार वेग सांगतच नाही. ती घनता-वेगाचा गुणाकार आणि एकूण तापमान या दोहोंची मिश्र बातमी देते. कूलरचा पंखा आणि कूलरचा पंप एकाच वेळी कोणीतरी खालीवर करत आहे आणि आपल्यासमोर मीटरचा एकच काटा आहे, अशी ही स्थिती आहे.

या गुंत्यातून वाट काढली ती मूळचे हंगेरीचे आणि पुढे अमेरिकेत काम केलेले लेस्ली कोवासनाय यांनी. १९५० आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाचा गाभा साधा आहे. तार थोडीशीच तापवली तर ती तापमापकासारखी वागते, म्हणजे एकूण तापमानातील चढउतारांना जास्त प्रतिसाद देते. खूप तापवली तर द्रव्यमान प्रवाहाला जास्त प्रतिसाद देते. मग तीच तार वेगवेगळ्या तापमानांना ठेवून तोच प्रवाह पुन्हा पुन्हा मोजावा. अज्ञात राशी तीन असतात: द्रव्यमान प्रवाहातील चढउतार, एकूण तापमानातील चढउतार आणि या दोहोंचा परस्परसंबंध. म्हणून निदान तीन तापमानांना मोजणी हवी. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळा मोजून आलेख काढणे शहाणपणाचे. स्वनातीत संक्षोभात भोवरे, उष्ण-थंड ठिपके आणि ध्वनी असे तीन वेगळे घटक असतात, हे वर्गीकरणही कोवासनाय यांनीच स्पष्टपणे मांडले.

पद्धत सुंदर आहे. आमचा आक्षेप पद्धतीवर नाही, ती अर्धवट वापरण्यावर आहे. आणि हा आक्षेप आम्ही इतरांकडे बोट दाखवून घेत नाही. आमच्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात आम्ही हीच चूक केली होती. तार महाग, वातविवर चालवायला मिळणारा वेळ थोडा, आणि प्रत्येक वेळी धुळीचा एखादा कण येऊन तार तोडणार ही भीती. म्हणून आम्ही तार एकाच उच्च तापमानाला ठेवली, एकूण तापमान स्थिर आहे असे धरून चाललो आणि मिळालेल्या चढउतारांना ‘वेगातील संक्षोभ’ असे नाव दिले. आकडे मोठे आले. आम्ही खूश झालो आणि त्यांचे स्पष्टीकरण देणारी चार पानेही लिहिली. पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आग्रहामुळे तार कमी तापमानाला ठेवून पाहिली, तेव्हा चढउतार जवळजवळ तसेच राहिले. वातविवराला हवा पुरवणाऱ्या तापकातून ती सारखी मिसळून येत नव्हती. तिच्यात गरम-थंड ठिपके होते. आम्ही ज्याला संक्षोभ म्हणत होतो तो मुख्यतः आमच्याच तापकाचा दोष होता. ती चार पाने काढून टाकावी लागली. सदरमधल्या त्या मुलाने केली तीच ही चूक, फक्त ती जास्त खर्चिक होती.

आता जरा मोठ्या आक्षेपाकडे वळू. घनता-वेगाच्या गुणाकारातून नुसता वेग काढायचा असेल तर घनतेतील चढउतार वेगळे कळायला हवेत, आणि तार ते सांगत नाही. मग गृहीते येतात: दाबातील चढउतार नगण्य आहेत, एकूण तापमानातील चढउतार नगण्य आहेत. ही दोन गृहीते धरली की वेग मिळतो. मॉर्कोव्हिन यांनी १९५०-६० च्या दशकांत मांडलेल्या विचाराप्रमाणे, माख अंक फार मोठा नसेल तर स्वनातीत सीमास्तरातील संक्षोभ हा घनतेतील सरासरी बदल हिशेबात घेतल्यावर साध्या संक्षोभासारखाच वागतो. माख अंक ५ पर्यंतच्या सीमास्तरांत हा विचार बराच उपयोगी ठरला आहे. परंतु ‘तारेच्या मोजमापांनी हा विचार सिद्ध झाला’ असे वाक्य दिसले की वाचकाने थांबावे. मोजमापातून वेग काढताना त्याच विचारातील गृहीते वापरली असतील, तर उत्तर त्याच्या बाजूने येणारच. साक्षीदाराला आधी उत्तर शिकवायचे आणि मग त्याची साक्ष पुरावा म्हणून दाखल करायची, असा हा प्रकार होतो. वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणाची, उदाहरणार्थ लेसरने कणांचा वेग टिपणाऱ्या पद्धतीची, साक्ष सोबत हवी. अर्थात तो साक्षीदारही निर्दोष नाही: आघात तरंग ओलांडताना हवा झटकन मंदावते, पण तिच्यातले कण काही काळ जुन्याच वेगाने पुढे जातात.

तिसरा आक्षेप वातविवराबद्दल आहे. १९६१ साली जॉन लॉफर यांनी दाखवून दिले, की स्वनातीत वातविवराच्या मध्यभागी, जिथे प्रवाह शांत असायला हवा, तिथले चढउतार मुख्यतः ध्वनीचे असतात, आणि हा ध्वनी विवराच्या भिंतींवरील संक्षोभी सीमास्तरातून येतो. माख अंक वाढेल तसा हा गोंगाट वाढतो. लक्षात घ्या, हा शोध तारेनेच लागला, कोवासनाय यांच्या पद्धतीने काळजीपूर्वक वापरलेल्या तारेने. नीट विचारले तर तार खरे बोलते, याचा हा उत्तम दाखला आहे. यातूनच पुढे भिंतींवरील सीमास्तर स्तरीय ठेवणारी ‘शांत’ वातविवरे बांधली गेली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे माख ६ चे विवर त्यांपैकीच. नेहमीच्या गोंगाटी विवरात प्रतिकृतीवरील प्रवाह खऱ्या उड्डाणापेक्षा लवकर संक्षोभी होतो. तेव्हा गोंगाटी विवरातला आकडा थेट उड्डाणाला लावणे धोक्याचे.

चौथा आक्षेप तारेच्या आकाराचा आणि चपळतेचा. हिशेब करून पाहू. वातविवरात हवेचे तापमान ६० केल्व्हिन आणि माख अंक ६ असेल, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे ९३० मीटर येतो. १ मिलिमीटरचा भोवरा तारेवरून जायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे तारेने सेकंदाला दहा लाख चढउतार टिपायला हवेत. उत्तम मंडले असूनही नेहमीची तार याच्या बरीच अलीकडे थकते. शिवाय १ मिलिमीटर लांबीची तार १ मिलिमीटरहून लहान भोवऱ्यांची सरासरी काढून टाकते. जे तिला दिसत नाही ते नाहीच, असे समजून आपण मोकळे होतो.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही, हे दाखवणारे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नरहरी राव, रोद्दम नरसिंह आणि बद्री नारायणन यांनी संक्षोभी सीमास्तरातील ‘स्फोटां’वर, म्हणजे अधूनमधून होणाऱ्या उसळीवर, एक निबंध प्रसिद्ध केला. मंद प्रवाहात तप्त तारेनेच मोजून त्यांनी दाखवले, की या उसळ्यांमधील काळ सीमास्तराच्या बाहेरच्या मोठ्या मापांवर ठरतो. हा निबंध जगभर गाजला. १९८३ साली ब्लॅकवेल्डर आणि हॅरिटोनिडिस यांनी वेगवेगळ्या लांबीच्या संवेदकांनी मोजून म्हटले, की लांब संवेदक लहान घटना पुसून टाकतो. पुरेसा लहान संवेदक वापरला तर हा काळ भिंतीजवळच्या छोट्या मापांवर ठरताना दिसतो. कोणाचे किती बरोबर, हा वाद पुष्कळ चालला. आपल्या दृष्टीने बोध असा, की साध्या वाऱ्यातही संवेदकाची लांबी निसर्गनियमाचे रूप बदलू शकते. मग माख ६ ला काय होत असेल?

यावर कोणी विचारेल, हवेतल्या या बारीक थरथरीची एवढी चिंता कशाला? चिंता उष्णतेची आहे. माख ६ ला एकूण तापमान हवेच्या तापमानाच्या ८.२ पट होते. साधारण ३० किलोमीटर उंचीवरची २२६ केल्व्हिनची हवा थांबवली तर साध्या सूत्राने सुमारे १,८५० केल्व्हिन तापमान येते. त्यात सीमास्तर स्तरीयचा संक्षोभी झाला, तर पृष्ठभागाला मिळणारी उष्णता कित्येक पट वाढते. ऑगस्ट १९८९ मध्ये कोलंबिया हे अवकाशयान परतताना सीमास्तर नेहमीपेक्षा बराच आधी संक्षोभी झाला. उष्णतारोधक फरशांच्या फटीतून वर आलेली एखादी पट्टी त्याला कारण असावी, असे अनुमान निघाले. ३ ऑगस्ट २००५ रोजी डिस्कव्हरी यानाच्या पोटाखालून अशाच दोन पट्ट्या स्टीफन रॉबिन्सन या अंतराळवीराने हाताने उपटून काढल्या. प्रवाह कुठे संक्षोभी होईल हे नक्की सांगता येत नव्हते, म्हणून माणसाला यानाबाहेर जावे लागले. मोजमापातील अनिश्चिततेची किंमत ती हीच.

आपल्याकडेही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी भारतीय विज्ञान संस्थेतील वैमानिक अभियांत्रिकी विभागाचा १९४२ मध्ये पाया घातला. सीमास्तराची कल्पना १९०४ मध्ये मांडणारे ते हेच प्रांट्ल. मुंबईच्या आयआयटीत आघात तरंगांवर चालणारे अतिस्वनातीत वातविवर आहे. तिथे प्रवाह जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो आणि पडदा फुटल्यावर येणारे तुकडे नाजूक तारेला जगू देत नाहीत. म्हणून अशा विवरांत संवेदक प्रतिकृतीच्या पृष्ठभागातच बसवतात: चिनीमातीसारख्या पदार्थावर चढवलेला प्लॅटिनमचा पातळ थर, किंवा एकात एक बसवलेल्या दोन धातूंची तापविद्युत जोडी. अशा जोडीवरील मुंबईचे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारताने माख ६ च्या आसपासच्या यानाची चाचणी घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरात हैदराबादला माख ५ ते १२ चे वातविवर सुरू झाले.

पृष्ठभागावरील या संवेदकांनाही आपला प्रश्न लागू आहे. ते मोजतात पृष्ठभागाचे तापमान. उष्णतेचा दर आपण गणिताने काढतो. दर स्थिर असेल तर तापमान काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि ते किती वाढेल हे संवेदकाखालच्या पदार्थाची घनता, विशिष्ट उष्णता आणि वाहकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ही संख्या १० टक्के चुकली तर उष्णतेचा दरही १० टक्के चुकतो. त्यानंतर, ‘इथे उष्णता एकदम वाढली, अर्थात इथे प्रवाह संक्षोभी झाला’ हे दुसरे अनुमान. वर्तमानपत्रात मात्र फक्त माख अंक छापून येतो. विवर किती शांत आहे, संवेदक किती चपळ आहे, हे कोणी विचारत नाही. माख १२ हा आकडा प्रभावी आहे खरा, पण विवराची योग्यता त्या आकड्याइतकीच या दोन उत्तरांवरही ठरते.

एवढी चिकित्सा केल्यावर तारेच्या बाजूचे एक मोठे यशही सांगायला हवे. अतिस्वनातीत सीमास्तर बिघडताना त्यात एक अत्यंत जलद, जणू अडकून पडलेल्या ध्वनीसारखी लहर वाढत जाते, असे लेस्ली मॅक यांच्या गणिताने १९६० च्या दशकात सांगितले. जेम्स केंडल यांनी १९७५ मध्ये आणि केनेथ स्टेटसन यांच्या गटाने १९८३ मध्ये ती लहर तप्त तारेने प्रत्यक्ष टिपली. इथे तार का यशस्वी झाली? कारण तिला ‘वेग किती’ असे विचारलेच नव्हते. ‘कोणत्या कंप्रतेला लहर वाढते’ एवढेच विचारले होते, आणि कंप्रता सांगायला पंखा आणि पंप वेगळे करण्याची गरज पडत नाही. उपकरणाला त्याच्या आवाक्यातला प्रश्न विचारणे, हेही प्रयोगशाळेतले एक कौशल्यच आहे.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे. दिव्याच्या तारेचा प्रयोग वर्गात जरूर करा. काच फोडण्याचे काम स्वतः करा, डोळ्यांना चष्मा असू द्या, प्रवाह बेताचा ठेवा. आधी फक्त पंखा वापरून व्होल्टता आणि वाऱ्याची तीव्रता यांचा आलेख काढून घ्या. मग मुलांना न सांगता हवा थंड करा. विदर्भात उन्हाळ्यात कूलर मिळायला अडचण नाही. मुले ‘वारा वाढला’ म्हणतील. त्यांना लगेच दुरुस्त करू नका. ‘हे वाऱ्यामुळे झाले की थंडाव्यामुळे, हे कसे ओळखाल?’ असे विचारा आणि थांबा. कोणीतरी म्हणेल, शेजारी एक साधा तापमापक लावू. कोणीतरी कदाचित म्हणेल, तारेतला प्रवाह कमी-जास्त करून पाहू.

सदरच्या त्या वर्गात तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने कूलरसमोर हात धरला, मीटरकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, मीटर एक अन् गोष्टी दोन. अजून एक मीटर लागंल.” आम्हाला हे उमगायला प्रबंधाची चार पाने खर्ची घालावी लागली होती.